खडकावरचं बोलणं

"त्याला विचार, घाट लागतो का त्याला," अण्णा पुढच्या सीटवरून म्हणाले. मान काही वळवली नाही.

श्रीरंग माझ्या शेजारीच बसला होता, जीपच्या खिडकीतून खाली दरीत बघत. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो वळला, तेव्हा हातांनी विचारलं. त्यानं हसून नकार दिला.

"नाही लागत," मी म्हणाले.

"मग एवढा गप्प का?" अण्णा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, त्यामुळे तो हसला नाही. मीही हसले नाही. सकाळपासून मी त्यांच्या एका वाक्याची वाट बघत होते.

खरं तर सकाळपासून नाही, गणपतीत अण्णांचा फोन आला तेव्हापासूनच. "दिवाळीनंतर केरळला जाऊ. तिघंही. तिकिटं मी काढतो," ते म्हणाले होते. "मला तुझ्याशी बोलायचंय." मी म्हटलं, बोला ना. तर म्हणाले, "फोनवर नाही." आणि फोन ठेवून दिला. लग्न झाल्यापासून ज्या माणसानं मला एकदाही फोन केला नव्हता, त्यानं एवढंच बोलून फोन ठेवावा, याचा अर्थ काय लावायचा? आजारी आहेत का, घर विकलं का, आणखी काही आहे का, मी रात्रंदिवस तेच घोळवत होते.

अण्णा, माझे वडील, कराडला वकिली करायचे. त्यांचा आवाज कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाडीपर्यंत जातो, असं लोक कौतुकानं सांगायचे. आमच्या घरात मात्र त्या आवाजाचं कौतुक कुणाला नव्हतं. त्यांनी एकदा उलटतपासणी सुरू केली की आई ओट्याशी तोंड करून उभी राहायची आणि मी पुस्तकात डोकं खुपसायची. मी कोल्हापुरात एका फौंड्रीत हिशेबाला लागले. श्रीरंग तिथं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न बनवायचा. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. समोरून, तोंड दिसेल असं सावकाश बोललं तर ओठांवरून बरंचसं ओळखतो, राहिलेलं अंदाजानं भरून काढतो. मी त्याच्या हातांची भाषा शिकले, आणि मग आम्ही लग्न केलं. अण्णा लग्नाला आले नाहीत. "ज्याला धड 'होय' म्हणता येत नाही, त्याच्याबरोबर तू संसार करणार?" एवढं एकच वाक्य बोलले होते, ते कायमचं कानात राहिलं.

आई चोरून फोन करायची. मग तिचे फोन कमी झाले. आणि एक दिवस चुलतभावाचा फोन आला, आई गेली म्हणून. ती आजारी होती हेच मला ठाऊक नव्हतं. मी पोचले तेव्हा फक्त तिचं तोंड बघायला मिळालं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आणि आता ते पुढच्या सीटवर बसून इडुक्कीच्या डोंगरात आम्हाला सहलीला नेत होते. येऊन दोन दिवस झाले होते. हॉटेलात, जेवताना, फिरताना, त्यांनी हवापाण्याखेरीज एक शब्द काढला नव्हता. तो शब्द कधी येतोय, या धाकात मी वावरत होते.

त्या दिवसाची सहल हॉटेलवाल्यांनी ठरवून दिली होती. आधी फुलांची आणि मसाल्यांची बाग, मग धबधबा, मग धबधब्याच्या पलीकडच्या काठावर एक कोकोची बाग. तिथंच जेवण. बरोबर लिस्सी नावाची वाटाडी होती. चाळिशीची, आडव्या बांध्याची, गळ्यात शिट्टी आणि पायात पुरुषी बूट. हिंदी बोलायची, पण सगळं एका दमात, आणि वाक्याच्या शेवटी "ओके?" विचारायची. तिनं श्रीरंगला पाहिलं, त्याच्याबद्दल कळलं, आणि त्या घडीपासून ती त्याच्यासमोर उभी राहून, हातवारे करून सगळं सांगायला लागली. अण्णांना ते रुचलं नाही.

"मॅडम, हमको बताइए. पैसे हमने दिए हैं," ते म्हणाले.

"आपको भी बताऊंगी सर. आप तो सुन रहे हैं ना? ओके?"

बागेत ती वेलदोड्याच्या बुडाशी वाकून दाखवत होती. फळं वर लागत नाहीत, जमिनीलगतच्या काड्यांवर लागतात. अण्णा तिची साक्ष घेतल्यासारखे प्रश्न विचारत होते. किती वर्षांनी येतं, कोण तोडतं, चोरी होते का. मग एकाएकी त्यांचा उत्साह ओसरला. ते एका बाकावर बसले. समोर जास्वंदीचं मोठं कुंपण होतं. मी पाण्याची बाटली घेऊन गेले.

"बस," ते म्हणाले.

मी बसले. बाटली त्यांच्या हातात दिली.

"तुझी आई..." अण्णा म्हणाले आणि थांबले. तोंड उघडंच राहिलं. वकिलाचं तोंड असं उघडं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्या आईला जास्वंद फार आवडायची."

"तिला मोगरा आवडायचा, अण्णा."

"हां. मोगरा." ते उठले. "चला. तो कुठं गेला तुझा?"

मला वाटलं, आता विचारावंच. पण त्यांची पाठ बघितली आणि मी त्यांच्यामागं चालायला लागले. लहानपणचीच सवय होती ती.

त्या धबधब्याचं नाव आजही माझ्या जिभेवर बसत नाही. तो उंचावरून एका रुंद डोहात पडायचा, आणि डोहातून निघालेलं पाणी मोठमोठ्या धोंड्यांमधून खाली वाहत जायचं. आमच्या काठापासून प्रवाहाच्या मध्यापर्यंत सपाट दगडांची एक ओळ होती, पाय ठेवत जाता यावं अशी. ती एका प्रचंड काळ्या खडकापाशी संपायची. खडकाच्या पलीकडे अरुंद पाणी, आणि मग दुसरा काठ. तो काठ म्हणजे उभी दरड, झाडांची मुळं बाहेर आलेली, आणि अगदी वर, हिरव्या गर्दीत, कोकोची बाग. जीपनं तिकडं जायचं तर खालच्या पुलावरून वळसा होता.

ऊन पडलं होतं. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसावेत. फक्त वरच्या डोंगरमाथ्यावर काळं आभाळ बसलं होतं, आणि आवाज विलक्षण होता. जवळ गेल्यावर तो कानांत राहत नाही, छातीत उतरतो. मी लिस्सीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले तेव्हा तिला ऐकू आलं.

अण्णा दगडांवरून निघाले. लिस्सी हात हलवत होती, "सर, बस, बस!" पण त्यांची पाठ आमच्याकडे होती. धोतर सोडून पँट घालायला लागल्यापासून त्यांना वाटायचं आपण तरुण झालो. ते एकेक दगड ओलांडत थेट त्या काळ्या खडकावर जाऊन उभे राहिले. कमरेवर हात, समोर धबधबा. मी श्रीरंगला म्हटलं, त्यांच्यामागे जा, पाय घसरला तर. तो बूट काढून गेला. खडकावर पोचला आणि अण्णांपासून थोडा दूर, मागे उभा राहिला. दोघंही पाण्याकडे बघत होते.

लिस्सीचा फोन वाजला. वाजलेला तिलाही ऐकू आला नसावा, तिनं खिशावर हात ठेवला म्हणून कळलं. ती वळून झाडांमागे गेली. परत आली ती धावतच. चेहरा पांढरा पडला होता.

तिनं माझा दंड धरला आणि कानात ओरडली, "ऊपर से फोन! ऊपर बहुत बारिश! पानी छूटा है, नीचे आ रहा है! अभी!"

मी डोहाकडे पाहिलं. पाणी तसंच होतं. ऊन तसंच होतं. मला वाटलं, काहीतरी चूक होतेय. आणि मग दगडांच्या ओळीकडे नजर गेली. मघाशी कोरडे असलेले दगड चमकत होते. त्यांच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता.

लिस्सीनं शिट्टी फुंकली. तिचे गाल फुगले, गळ्याच्या शिरा ताठल्या, पण माझ्यापर्यंतसुद्धा काही आलं नाही. मी "अण्णा!" म्हणून किंचाळले. माझा आवाज माझ्याच तोंडासमोर पडला. तिथून काळा खडक काही फार लांब नव्हता. एरवी सहज हाक जावी एवढाच. पण त्या गर्जनेत ते दोघं जणू दुसऱ्या देशात उभे होते.

मी दगडांवर पाय टाकणार, तोच लिस्सीनं मला मागून कव घातली. "नहीं! पहले यह साइड भरेगा! इधर नहीं आना है उनको! उधर जाना है! उधर, ऊपर!"

म्हणजे त्यांना परत बोलवायचंच नव्हतं. आणखी पुढं, त्या अनोळखी दरडीकडं पाठवायचं होतं. आणि दोघांच्याही पाठी माझ्याकडं.

श्रीरंगची एक सवय आहे. ज्याला ऐकू येत नाही, तो मागं काय चाललंय हे डोळ्यांनी बघत राहतो. थोड्या थोड्या वेळानं वळतो. घरी मी त्यावरून त्याला चिडवायची. आता मी दोन्ही हात वर करून उभी राहिले आणि त्याच्या मानेकडे बघत राहिले. वळ. देवा, त्याला वळव. दगडांवरचा पापुद्रा जाड झाला. पाण्यात पानं आली, मग काड्या, मग पाण्याचा रंग चहासारखा झाला.

तो वळला.

मी हातांनी सांगितलं. पाणी. मोठं. येतंय. इकडे नाही. तिकडे. वर चढ. अण्णांना घे. आत्ता. एकेक शब्द मी नीट करत होते, कारण दुसऱ्यांदा सांगायला वेळ मिळेल असं वाटत नव्हतं. त्यानं सगळं पाहिलं. एकदाच मान हलवली. एकही प्रश्न विचारला नाही.

अण्णांच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. अण्णा दचकले. त्यांनी मागं पाहिलं, दगड बुडताना पाहिले, आणि ते आमच्या दिशेनं निघाले. साहजिकच होतं, काठ इकडे होता, मी इकडे होते. श्रीरंगनं त्यांना अडवलं आणि उलट दिशेला ओढलं. अण्णांना काय वाटलं असेल, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर लांबूनही दिसलं. हा मुका मला पाण्यात ओढतोय. त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. ती चपराकही मला ऐकू आली नाही, फक्त श्रीरंगचं तोंड एका बाजूला झालेलं दिसलं. मग त्यानं खाली वाकून अण्णांच्या कमरेला विळखा घातला, पोतं उचलावं तसं उचललं, आणि खडकाच्या पलीकडच्या अंगाला उतरला.

आणि ते आलं. मी पाण्याची वाट बघत होते, पण आलं ते पाण्यासारखं नव्हतंच. धबधब्याच्या माथ्यावरून तपकिरी, घट्ट, झाडाच्या फांद्यांनी भरलेलं काहीतरी बाहेर पडलं आणि डोह फुटला. लिस्सीनं मला फरफटत वर ओढलं. आम्ही उभ्या होतो ती जागा गेली. मी मान वर केली तेव्हा काळा खडक नव्हता. पलीकडची दरड तुषारांत दिसत नव्हती. मी हात वर करून हातांनी विचारत राहिले, कुठे आहेस? कुठे आहेस? लिस्सीनं माझे हात धरून खाली केले.

"जीप," ती म्हणाली. "उस पार. मैंने फार्म पे फोन किया. चलो."

पुलापर्यंतचा तो रस्ता मला आठवत नाही, असं मी पुष्कळांना सांगते. पण खरं तर मला त्यातलं सगळं आठवतं. ड्रायव्हर वळणावर हॉर्न दाबून धरत होता. लिस्सी माझा हात स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटत होती, त्यात मध्येमध्ये मेरीमातेचं "मातावे" एवढंच कळत होतं. पुलाच्या पट्ट्यांना पाणी लागलं होतं. ड्रायव्हर थांबला. लिस्सीनं त्याच्या पाठीत बुक्की मारली आणि त्यानं जीप घातली. आणि माझ्या मनात येत होतं, दोघांपैकी एकच वाचला तर? त्या विचाराची मला इतकी भीती वाटली की मी मोठमोठ्यानं आकडे म्हणायला लागले, डोक्यात दुसरं काही शिरू नये म्हणून.

कोकोच्या बागेची मालकीण एलियम्मा, साठी उलटलेली बाई, लुंगीसारख्या पांढऱ्या मुंडूचा काष्टा खोचून फाटकाशीच उभी होती. दोन गडी दोरखंड घेऊन पुढं निघालेसुद्धा होते. आम्ही त्यांच्यामागं उतरलो. कोकोची झाडं बुटकी, दाट. फळं थेट खोडालाच चिकटलेली, पिवळी, लालसर, भल्यामोठ्या लिंबासारखी. खाली तळहाताएवढ्या वाळक्या पानांचा थर, त्यावरून पाय घसरत होता. मी खोडं धरत उतरत होते आणि फळं हाताला लागून तुटत होती.

श्रीरंगला हाक मारून उपयोग नव्हता. म्हणून मी अण्णांना हाका मारत होते. "अण्णा! ओ अण्णा!" आयुष्यात त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. आता घसा फाटेस्तोवर ओरडत होते, आणि उत्तर म्हणून फक्त पाणी गरजत होतं.

दरडीच्या कडेला एक गडी पोटावर झोपला आणि खाली डोकावला. बराच वेळ तो हलला नाही. मग त्यानं मागं न बघता हात वर केला. दोन बोटं.

मी कडेकडे धावले. एलियम्मानं मला धरून बसवलं. मग मी रांगत कडेला गेले.

खाली दरडीला एक कंगोरा होता, माणूस जेमतेम मावेल एवढा. श्रीरंगची पाठ एका जाड मुळाला टेकलेली, एक हात त्या मुळात अडकवलेला, आणि दुसऱ्या हातानं त्यानं अण्णांना छातीशी धरलेलं. पाणी त्यांच्या घोट्यांना लागत होतं. अण्णांचं तोंड श्रीरंगच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर. आणि ते हलत होतं, सारखं, न थांबता. मला वाटलं, अण्णा देवाचं नाव घेतायत. श्रीरंग त्यांच्याकडे बघत होता. एकदाही नजर हलवत नव्हता.

दोर खाली गेला. आधी अण्णांना बांधून वर घेतलं, मग श्रीरंगला. तो वर आला आणि मी त्याला चाचपून बघत राहिले. गाल सुजला होता, गुडघा फुटला होता, आणि तळहातांची साल निघाली होती.

कोको वाळवायच्या शेडमध्ये आम्हाला बसवलं. कोपऱ्यात फोडलेल्या फळांचा गर केळीच्या पानांखाली आंबत घातला होता, त्याचा शिरक्यासारखा उग्र वास भरला होता. एलियम्मानं अण्णांच्या अंगाभोवती तागाची पोती गुंडाळली आणि कोऱ्या कॉफीचा पेला हातात दिला. पेला दातांवर वाजत होता. लिस्सी बाहेर फोनवर रडत कुणाला तरी सगळं सांगत होती.

"मला वाटलं, मारतोय मला," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, सूड घेतोय."

"त्याला मी सांगितलं होतं, अण्णा. तिकडे जा म्हणून. मी हातांनी सांगितलं."

त्यांनी पोतं अंगाभोवती ओढून घेतलं. मग पेल्यात बघत म्हणाले, "तिथं वाटलं, आता संपलं. मग मी त्याला सगळं सांगून टाकलं. जे तुला सांगायला आणलं होतं ना, ते. मरायच्या आधी कुणाला तरी सांगायचं होतं." ओठांवर कसनुसं हसू आलं. "त्याला ऐकू येत नाही, म्हणून सांगता आलं."

"काय सांगितलं?"

अण्णांनी मान हलवली. "राहू दे आता. वाचलो ना."

 मी श्रीरंगकडं वळले. हातांनी विचारलं, काय म्हणाले ते? कळलं तुला?

त्यानं सोललेले हात वर केले. प्रत्येक शब्दाला त्याचा चेहरा आक्रसत होता. "पुष्कळसं कळलं. पण मी सांगणार नाही. ते समोर आहेत. त्यांना विचार."

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"तो म्हणतोय, तुम्ही सांगा."

अण्णांनी श्रीरंगकडं पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जी भीती आली, ती काळ्या खडकावरसुद्धा नव्हती. "त्याला कळलं?"

"तो ओठ वाचतो, अण्णा. तुम्ही कधी त्याच्याकडं तोंड करून बोललाच नाहीत."

अण्णांनी नजर श्रीरंगवरून काढून माझ्याकडं वळवली. मग पेला खाली ठेवला. आवाज इतका लहान निघाला की मला पुढं वाकावं लागलं.

"तुझी आई शेवटी तुझंच नाव घेत होती. रेवाला बोलवा, रेवाला बोलवा. मी म्हटलं, बोलावलंय. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मी म्हटलं, फोन केला होता. नाही म्हणाली. यायचं नाही म्हणाली."

"मला फोन आला नव्हता," मी म्हणाले.

"मी केलाच नव्हता."

बाहेर लिस्सीचं बोलणं थांबलं होतं.

"का, अण्णा?"

"मला वाटलं, ती बरी होईल. बरी झाली, की तू आली नाहीस म्हणून तुझी बाजू घेणार नाही. मला जिंकायचं होतं." ते रडत नव्हते. कोर्टात कबुलीजबाब द्यावा तसं सरळ बोलत होते. "ती बरी झाली नाही."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, रेवा रागावली असेल. तिचं काही चुकलं नाही. मग परत विचारलं नाही तिनं."

मी उठले. शेडच्या बाहेर आले आणि झाडांमध्ये जात राहिले, वाळकी पानं पायांखाली फुटत होती. आईनं ते मनात घेऊन डोळे मिटले होते. बोलावलं, आणि मी गेले नाही. हे आता कुणालाच दुरुस्त करता येणार नव्हतं. मी एका खोडाला धरून उभी राहिले.

पुढचं सांगायचं तर, अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेवटची दोन आमच्याकडे कोल्हापुरात. मी त्यांचं सगळं केलं. त्यांना माफ केलं का, असं मला आत्या विचारायची. मी म्हणायची, जेवण गरम देते, औषध वेळेवर देते, आणखी काय विचारतेस? ते श्रीरंगशी बोलायचे, दिव्याखाली बसून, समोरासमोर, तासन्तास. माझ्याशी त्यांना तसं बोलता आलं नाही. मलाही नाही आलं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

श्रीरंग माझ्यामागून झाडांत आला. जवळ आला नाही. मी वळून बघेपर्यंत उभा राहिला. वरून ढग उतरले होते, खाली पाणी अजून गरजत होतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, ती तो अरुंद कंगोरा, ते चढतं पाणी, आणि वीतभर अंतरावरचं ते हलणारं तोंड.

"तुला हे कळलं कधी?" मी हातांनी विचारलं.

"मध्येच. पाणी वाढत होतं तेव्हा."

"सगळं? आईचं?"

"आईचं."

"आणि तरी धरून ठेवलंस?"

हा प्रश्न विचारताना मला कशाची भीती वाटत होती, ते मी नाव घेऊन सांगू शकत नाही. त्यानं ते रक्ताळलेले हात उचलले आणि सावकाश, मला नीट दिसेल असं, म्हणाला,

"सोडलं असतं, तर तुला हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं?"